आजोबांची सायकल आणि माझा बिल्ला

मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमाला गेटवर माझी ड्युटी होती. गळ्यात व्हॉलंटियरचा बिल्ला, तोंडात एकच वाक्य, "सायकली-गाड्या स्टँडला लावा." तेवढ्यात माझेच आजोबा सायकलवरून आले. वय ७३, दोन्ही गुडघे झिजलेले.

"अगं, हॉलपर्यंत सायकल नेतो की. तिथवर चालायला होत नाही."

मैत्रिणींसमोर मला अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, "कॅम्पातून इथवर सायकल मारत आलात, मग शंभर पावलं चालायला काय होतंय? नियम सगळ्यांना सारखाच." त्यांनी मुकाट्यानं सायकल लावली. माझं कवितावाचन संपलं तेव्हा ते हॉलच्या अलीकडच्या कट्ट्यावरच बसलेले होते.

आज मला वाटतं, ज्याला चालणं जड जातं त्याची सायकल म्हणजे त्याची काठीच.

चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. सायकलवर बरंचसं वजन सीट पेलते. म्हणून कुणाला दोन किलोमीटर सायकल जमते आणि दहा पायऱ्या जमत नाहीत. यात ढोंग नाही. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी पार्किन्सनच्या एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. चालताना त्याचे पाय जमिनीला खिळायचे, पण सायकलवर बसवल्यावर तो सहज चालवत गेला. उतरला की पाय पुन्हा खिळले.

आपल्याकडे सरकारी योजनेतून दिव्यांगांना हातानं चालवायची तीनचाकी मिळते. ती दिसली की आपण आपोआप वाट देतो. साध्या सायकलवरचा माणूस मात्र धडधाकटच, असं आपण धरून चालतो. आजोबांची सायकल नीट बघा. आडवी दांडी नसलेली 'लेडीज' सायकल, कारण पाय तेवढा उचलत नाही. कॅरिअरला बांधलेली काठी. पोरं हसतात त्या सायकलला.

कुणी म्हणेल, एकाला सोडलं की सगळे घुसतील. व्हीलचेअर आत सोडतो, म्हणून काय सगळे व्हीलचेअर घेऊन येतात? आवारात सायकल चालण्याच्या वेगानंच न्यायची, अशी अट घाला. सायकल प्रत्येकाला झेपेल असंही नाही. ज्याचा तोल जातो त्याला तीन चाकं लागतील. पण कुणाला काय झेपतं हे गेटवरच्या एकवीस वर्षांच्या पोरीनं ठरवू नये. विचारावं.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला हॉलच्या दाराशी अशा दोन-तीन सायकलींपुरती जागा राखून ठेवूया, एवढंच माझं मागणं आहे. आजोबांना पुन्हा बोलवायचंय मला. या खेपेला ते येतील की नाही, ठाऊक नाही.