संधिवाताचे औषध आणि मक्तेदारी

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच का उलटत नाही, या जुन्या कोड्याचे एक उत्तर त्यांच्या संशोधनाने दिले. प्रतिकारक पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. त्यांची घडण ज्या जनुकावर अवलंबून असते त्याचा छडा इतर दोघांनी २००१ मध्ये लावला. हा आवर सुटला की शरीरात गृहकलह माजतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि ल्यूपस ही त्याचीच रूपे, आणि दोन्ही व्याधी पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक ग्रासतात.

या शोधावर आधारलेले उपचार बव्हंशी चाचण्यांच्या अवस्थेत आहेत. ते सिद्ध झाल्यावर कोणाच्या वाट्याला येतील, याचा अंदाज मागल्या पिढीच्या औषधावरून बांधता येतो.

१९७५ मध्ये केंब्रिज येथे, ब्रिटिश सरकारच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत, केलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी प्रतिद्रव्ये हवी तितकी निर्माण करण्याची रीत शोधली. तिचे पेटंट घेतले गेले नाही. पुढे लंडनच्या केनेडी संस्थेत मूळचे पंजाबातील रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमान यांनी टीएनएफ हे दाहकारक द्रव्य रोखले तर सुजलेले सांधे निवतात, हे १९९२ पासूनच्या चाचण्यांत सिद्ध केले. या संस्थेला आधार होता तो सामान्य लोकांच्या देणग्यांचा. चाचणीचे प्रतिद्रव्य एका खासगी कंपनीने पुरवले होते, हेही नमूद केले पाहिजे. खासगी भांडवलाचा वाटा शून्य होता असे कोणी म्हणणार नाही. पण वाटा किती आणि वसुली किती?

याच वर्गातले अ‍ॅडालिमुमॅब हे औषध २००२ च्या अखेरीस अमेरिकेत ‘ह्युमिरा’ या नावाने संमत झाले. त्याचे मुख्य पेटंट २०१६ मध्ये संपले. परंतु दुय्यम पेटंटांचे असे काही कुंपण रचले गेले होते की युरोपात २०१८ मध्ये आलेले स्वस्त पर्याय अमेरिकेत यायला २०२३ उजाडले. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने २०२१ मध्ये नोंदवले की अ‍ॅबव्ही कंपनीने या औषधाची किंमत २७ वेळा वाढवली आणि ती वर्षाला ७७ हजार डॉलरांवर नेली.

भारतात झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्येच पर्यायी औषध आणले, तेही अमेरिकी किमतीच्या सुमारे पंचमांशात. १९७० च्या पेटंट कायद्याने उभारलेल्या उद्योगाचे आणि २००५ च्या दुरुस्तीतही टिकवलेल्या कलम ३(ड) सारख्या तरतुदींचे मोल अशा वेळी कळते. व्यापार करारांच्या वाटाघाटींत चाचण्यांच्या माहितीवर एकाधिकार मागितला जातो, तो याच स्पर्धेची वाट अडवण्यासाठी. तो कदापि मान्य होता कामा नये.

तथापि पंधरवड्याला टोचायचे हे औषध पंचमांश किमतीतही शेतमजूर बाईच्या आवाक्याबाहेरच राहते. २०१८ ची आयुष्मान भारत योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. संधिवाताच्या रुग्णाला मात्र घरी राहून वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते. वस्तुतः पहिला उपचार असलेली मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते आणि ती स्वस्त आहे. पण त्यासाठी बोटे वाकडी होण्यापूर्वी निदान व्हावे लागते, आणि पुढे रक्ताची व यकृताची तपासणी नियमित करावी लागते. ही सोय तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात, औषधासह, विनामूल्य मिळावी. आणि तेवढ्याने ज्यांचा दाह शमत नाही त्यांच्यासाठी राज्य शासनाने प्रतिद्रव्यांची घाऊक खरेदी करावी.