वाऱ्यावर सोडलेले श्रम

शहरी सेवाव्यवसायातील स्त्रियांचे वेतन हा विषय घेऊन एम. ए.चा प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी मध्यंतरी माझ्याकडे आली. तिच्या आग्रहावरून पुण्यातील एका केशप्रसाधनगृहात मी तिच्यासमवेत एक दुपार बसून काढली. धुतलेल्या केसांवर यंत्राने गरम हवेचा झोत सोडून गोल ब्रशाने त्यांना वळण द्यावयाचे, याला तेथे ‘ब्लो-ड्राय’ म्हणतात. या श्रीमंती चोचल्यांशी आपल्याला काय कर्तव्य, अशा समजुतीने मी आत गेलो होतो. बाहेर पडताना ती समजूत टिकली नाही.

एका ‘ब्लो-ड्राय’चा दर ५०० रुपये. एक मुलगी दिवसाकाठी अशी आठ कामे करते. तिचा पगार महिना १२,००० रुपये. म्हणजे अवघ्या तीन दिवसांत ती आपला महिन्याचा पगार गल्ल्यात भरते. भाडे, वीज, साहित्य हा मालकाचा खर्च आहे, हे मान्य. परंतु उरलेल्या दिवसांच्या श्रमाचे मोल कोठे जाते, हा अर्थशास्त्राचा जुनाच प्रश्न त्या आरशांसमोर नव्याने उभा राहतो. खुर्च्या होत्या त्या गिऱ्हाइकांसाठी. काम करणाऱ्या सहाही मुली सकाळपासून उभ्याच होत्या. त्यांतील एकीने मनगटाला पट्टी बांधली होती.

कायदा काय करतो? १९४८ चा दुकाने व आस्थापना अधिनियम लहान दुकानांनाही लागू होता. महाराष्ट्राने २०१७ साली त्याच्या जागी नवा कायदा आणला आणि दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापने त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर ठेवली. नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी ठरली. व्यवसाय सुलभ झाला, परंतु कामाचे तास मोजणारे कोणी उरले नाही. याउलट केरळने २०१८ साली व तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. ज्या राज्यात १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, त्या राज्यात कामगाराला दोन घटका टेकण्याचा हक्क नसावा, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

त्याच १८९० साली लोखंडे यांच्याच प्रेरणेने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. केस कापणारे हात संघटित झाले की समाजाची रूढी हलते, याचा हा दाखला आपल्याच चळवळीच्या पूर्वेतिहासातील आहे. तरीही आपण या व्यवसायाकडे चंगळवाद म्हणून नाक मुरडीत राहिलो. गिऱ्हाईक तेवढे पाहिले, कामगार पाहिला नाही. गिऱ्हाईकही नीटसे पाहिले नाही. त्या दुपारी आलेल्यांपैकी दोघी कचेरीत स्वागतिकेचे काम करणाऱ्या होत्या. नीटनेटके दिसणे हा त्यांच्या नोकरीचा अलिखित करार आहे आणि त्याचा खर्च त्यांच्याच पगारातून जातो.

विखुरलेल्या कामगारांची संघटना होत नाही, ही सबब पुरे झाली. माथाडी कामगारांना अनेक मालक होते. तरीही १९६९ च्या कायद्याने त्यांच्यासाठी मंडळे उभी राहिली, मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेतली जाऊ लागली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व रजेचा पगार शक्य झाला. केशप्रसाधन व्यवसायासाठी असेच त्रिपक्षीय मंडळ का असू नये? प्रत्येक बिलावर अल्पशी लेव्ही, बसण्याचा हक्क आणि कामगारसंख्या न पाहता कामाच्या तासांना मर्यादा, एवढ्या तीन मागण्यांवर प्रारंभ करता येईल.

निघताना विद्यार्थिनीने त्या मनगटपट्टीवाल्या मुलीला विचारले, “तुमची युनियन आहे का?” ती म्हणाली, “आमच्याकडं आजवर कुणी आलंच नाही, ताई.” हे उत्तर त्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात जाईल तेव्हा जावो. ते आपल्या शाखांच्या पुढील बैठकीत प्रथम वाचले जावे, अशी माझी कार्यकर्त्यांना विनंती आहे.