मातीवरून मॅटवर

पौषातली थंडी शहापूरच्या माहुली गडाच्या कड्यांवरून अजून पुरती ओसरलेली नसते, तिळगुळाची चव जिभेवर रेंगाळत असते, आणि संक्रांतीच्या पाठोपाठ १५ जानेवारी उजाडते. ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव यांचा हा जन्मदिवस. २०२४ पासून आपण तो राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो आणि यंदा, २०२६ मध्ये, त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. शाळा-कॉलेजांत तसबिरीला हार पडेल, दोन भाषणे होतील. ती व्हावीतच. पण त्या भाषणांत खाशाबांइतकेच आणखी एका माणसाचे नाव यायला हवे. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या विद्यार्थ्यासाठी राहते घर ७,००० रुपयांना गहाण ठेवले होते. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घरी आले त्यामागे गावकऱ्यांची वर्गणी होती, तसे हे गहाणखतही होते. कॉलेज आपल्या खेळाडूचे काय देणे लागते, याचे माप त्या माणसाने घालून दिले आहे.

ते माप हाती घेऊन आपण ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या शहापूर-मुरबाडकडे पाहू. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय काय, मुरबाड तालुक्यातले शिवळ्याचे कॉलेज काय, दोन्ही मुंबई विद्यापीठाचीच. चर्चगेटचे कॉलेज ज्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत उतरते, त्याच स्पर्धेत हीही. कागदावर फरक काहीच नाही. आपल्याकडे मात्र स्पर्धेच्या वेळापत्रकाला आधी शेताची परवानगी लागते. सराव सुरू व्हायचा तेव्हा आषाढातली लावणी असते आणि घरात माणूस कमी पडत असतो. सामने रंगात येतात तोवर भात कापणीला येते. भारे वाहायचे, झोडणी करायची. दिवाळी सरली की कातकरी वाड्यांतली कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, आणि तुळशीचे लग्न लागले की इतरांच्या घरी मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांची ये-जा सुरू होते. मुलींच्या संघाच्या बारा जणींच्या यादीतल्या सात जणी ठरल्या वेळी मैदानावर उभ्या करणे, हाच इथल्या क्रीडाशिक्षकाचा निम्मा विजय.

आणि तरीही संघ उभा राहतो. दुपारच्या तासानंतर फक्कीने आखलेले १२ बाय ८ मीटरचे मैदान, ओढणी कमरेला घट्ट बांधलेल्या मुली, कोपऱ्यावरच्या दोघींनी एकमेकींना डोळ्यांनी केलेली खूण, आणि मध्यरेषा ओलांडताना दम न सोडता चाललेला कबड्डी-कबड्डीचा घोष. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई अशा कुठकुठल्या गावांहून त्या आलेल्या असतात. सरावाची शिट्टी कोणाच्याही हाती असो, सराव संपतो तो परतीच्या एसटीच्या वेळेला. ती चुकली की उद्या घरून सुटका होईलच याची खात्री नाही.

खरी परीक्षा पुढेच असते. या मुली शिकलेल्या असतात मातीवर, मोठे सामने होतात मॅटवर. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्याचा हिशेब अंगात मुरलेला असतो. मॅटवर बूट जागच्या जागी धरतो, पाय थांबतो आणि अंग पुढे जाते. घोटा मुरगळतो, गुडघा दुखावतो तो बहुधा याच क्षणी. शहरातला संघ वर्षभर मॅटवर खेळून येतो, आपल्या मुली पहिल्या चढाईतच मॅटची ओळख करून घेतात. मग ‘ग्रामीण मुली कमी पडल्या’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे म्हणणे अन्यायाचे आहे.

गोष्ट एकट्या मॅटची नाही, मैदानांचीही आहे. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियमही आपल्या ठाणे जिल्ह्यातच येते. ३० ऑक्टोबर २०२२ ला तिथे १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच मैदानावर भारताच्या महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक उंचावला. ज्या जिल्ह्यात जगातल्या मुली खेळून गेल्या, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चांगला फुटबॉल संघ बांधण्याजोगी सपाट, खडी वेचलेली मैदाने किती आहेत, हे आपले आपणच मोजून पाहावे. भातसा-तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि चैत्रात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. त्या दिवसांत हंड्यांच्या रांगेत संध्याकाळ जाते, त्यामुळे सराव करायचा तो उन्हाळ्याआधीच.

घरचे खेळायला सोडतात ते पुष्कळदा प्रमाणपत्रासाठी. सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचले आहे. त्यात कमीपणा कसला? पोटाची सोय दिसली तर दार उघडते, आणि दार उघडल्यावर मुलगी खेळाच्या गोडीने खेळते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या महिलांनी कबड्डीचे सुवर्ण चायनीज तैपेईवर २६-२५ अशा एका गुणाने जिंकले. तो एक गुण कुठल्या कॉलेजच्या मैदानावर तयार होईल, हे आधी कोण सांगणार?

दर जूनला संघ नव्याने बांधावा लागतो. जुन्या जणी पदवी घेऊन किंवा अक्षता पडून जातात, अकरावी-बारावीतून नव्या येतात, कोपरा रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. ही परंपरा टिकवायला घर गहाण टाकण्याची आज गरज नाही. यात्रांच्या दिवसांत गावोगाव प्रकाशझोतात कबड्डीचे चषक होतात. त्यांत महिलांचा एखादा प्रदर्शनीय सामना उद्घाटनापुरता न ठेवता त्यांचा स्वतंत्र गट ठेवावा, आणि त्यांचे सामने दिवसाउजेडी, एसटीच्या वेळा पाहून लावावेत. दोन्ही तालुक्यांनी मिळून एक मॅट घ्यावी, ती आलटून पालटून कॉलेजांत फिरवावी. आणि आता रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालणारच आहे. प्लॅस्टिकचे डबे आपण पुष्कळ वाटले. यंदा आळीतल्या बायकांनी मिळून वाणाचे पैसे एकत्र करावेत, कॉलेजच्या संघातल्या मुलीला तिच्या पायाचा नंबर विचारावा, आणि तिला मॅटवर चालतील असे बूट घेऊन द्यावेत.