विवराचं वय सांगता येतं, गावात माणसं किती ते नाही

लोणारच्या विवराबद्दल काहीही विचारा, उत्तर मिळतं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली १५० मीटरच्या आसपास. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नोंद केली. वय आधी ५० हजार वर्षं म्हणायचे, पुढं खडक तपासून ५ लाख ७० हजार सांगितलं गेलं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तर देशभर बातम्या, त्याच वर्षी रामसर यादीत नाव.

आणि विवराच्या काठावर राहणारी माणसं किती? कुणालाही विचारा, २०११ चाच आकडा पुढं येतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्या वर्षी जन्मलेलं पोर आता शाळेत जातंय, पण सरकारी हिशोबात त्याचा पत्ता नाही.

आकड्यानं काय होतं, असं म्हणू नका. अन्नसुरक्षा कायद्यातला रेशनचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवर बांधलाय. म्हणून नवीन कुटुंबाला ‘इष्टांक संपला’ असं ऐकावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी, पालिकेतल्या सदस्यांची संख्या, सगळं त्याच आकड्यावर. आणि सांडपाणी! गावाचं घाण पाणी तळ्यात उतरतं म्हणून किती वर्षं ओरड चाललीय, प्रकरण हायकोर्टात गेलं. पण किती माणसांचं पाणी, हेच धड माहीत नसेल तर यंत्रणा कोणत्या अंदाजानं बांधणार?

हे गाव काही तळ्याची चौकी नाही. लवणासुराला विष्णूनं मारलं ती कथा इथली, दैत्यसूदनाचं देऊळ भर वस्तीत आहे. धारेवर आंघोळीला, कमळजा देवीच्या नवरात्राला आजूबाजूच्या खेड्यांतून लोक येतात. एकेकाळी तळ्यातला खार काढून विकला जायचा, त्यावर घरं चालायची. तो धंदा गेला. तालुक्यात रेल्वे नाही, मोठा कारखाना नाही. पर्यटक येतो, कठड्यावरून फोटो काढतो, मुक्कामाला संभाजीनगर गाठतो. पोरं पुण्याला जातात, मजूर ऊसतोडीला.

खरी गोम इथंच आहे. आता जनगणना ठरलीय : घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. फेब्रुवारीत ऊसतोड जोरात असते. आजवरचा नियम असा की मोजणीच्या पूर्ण काळात माणूस बाहेर असेल, तर तो जिथं सापडेल तिथं मोजला जातो. म्हणजे आपला माणूस कारखान्याच्या गावात मोजला जाणार, त्याचं रेशनकार्ड मात्र इथं, म्हातारी आई इथं, दिवाळीपर्यंत शाळेत जाणारं पोरगंही इथलंच. आणि थळातल्या पालावर प्रगणक पोचलाच नाही, तर तो कुठंच नाही.

म्हणून माझं म्हणणं, पालिकेनं आणि ग्रामपंचायतींनी आत्ताच हंगामी बाहेर जाणाऱ्या घरांची यादी करावी, कोण कोणत्या कारखान्याला जातं ते मुकादमाकडून लिहून घ्यावं आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत त्या-त्या तालुक्याला कळवावं. पैसा लागत नाही याला, आठ-पंधरा दिवसांचं काम आहे. घरयादीला माणूस आला आणि शेजारच्या दाराला कुलूप दिसलं, तर ‘घर रिकामं आहे’ म्हणू नका. कुठं गेलेत, कधी येणार, सांगा त्याला.

तुमच्या गल्लीत अशी किती घरं आहेत? कमेंटमध्ये फक्त आकडा टाका, नावं नकोत.