जेटस्कीचं इंजिन: उघडायचं की बदलायचं?
मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जेटस्की वर काढून ठेवतात. जुन्या इंजिनाचा निर्णय तेव्हाच घ्यावा. नुसत्या आवाजावरून नव्हे, तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजवर मोजून. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर आत झीज आहे असं धरावं. टू-स्ट्रोकमध्ये दोष पिस्टन-रिंगपुरता असेल, तर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणंच मला योग्य वाटतं. पैसा वाचतो आणि इंजिन ओळखीचं राहतं. पण खारं पाणी क्रँककेसमध्ये साचून राहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथल्या बेअरिंगना पेट्रोलच्या वाफेबरोबर येणाऱ्या ऑइलचाच आधार. त्यांना गंज चढला की वरचे नवे पिस्टनही फार दिवस टिकत नाहीत. फोर-स्ट्रोकमध्ये तर व्हॉल्व्ह, कॅम, कधी सुपरचार्जरही उघडावा लागतो, म्हणून तिथे तयार इंजिन बसवणं बरं. मात्र जुनं कशाने गेलं, तुंबलेल्या कूलिंगच्या नळीने की बिघडलेल्या ऑइल पंपाने, हे सापडेपर्यंत नव्याला हात लावू नये. एवढी काळजी यासाठी, की जेटस्कीला सुकाणू नसतं, ती पाण्याच्या झोताच्या जोरावर वळते. भर समुद्रात इंजिन बंद पडलं की मागे बसलेल्या पर्यटकासह ती लाटांच्या हवाली होते.