श्यामची आई पाहू, मोळीवाली मायही आठवू



सुट्टीत मुले घरी असली की सगळ्यांनी मिळून एखादा जुना, चांगला सिनेमा पाहावा, असे आम्ही या सदरातून नेहमीच सांगतो. तेव्हा पहिले नाव निघते ते 'श्यामची आई'चे. आपल्या वणीतली काही तरुण मंडळी मात्र आम्हाला विचारतात, "तो सिनेमा खोत-ब्राह्मणाच्या घरचा. आपण का पाहायचा?" प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून पुढे जाणे बरे नव्हे, म्हणून आजचे सदर त्यावरच.

आधी सिनेमाची ओळख. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी तो काढला. १९५३ साली तो पडद्यावर आला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले आणि वसंत देसाईंनी संगीत दिले. सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू केले, तेव्हा पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली या मराठी सिनेमाला मिळाले. २०२३ साली सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट काढला. सत्तर वर्षांनीही लोकांना ही गोष्ट हवी आहे, एवढे यावरून दिसते.

तिच्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो. आई पदर पसरते आणि सांगते, पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप. आपल्या पंचशीलाचा अर्थ लहान मुलाला याहून सोप्या शब्दांत काय सांगणार? पोहायला भिणाऱ्या श्यामला ती घराबाहेर काढते. कर्जाने घर बुडते, पण आईचा ताठा मोडत नाही. आपल्या घरांनीही कर्ज पाहिले आहे, सावकार दारात उभा राहिलेला पाहिला आहे. म्हणून शेवटी आई जाते आणि श्याम उशिरा पोचतो, तेव्हा आपल्या बायाही डोळे पुसतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

पण सिनेमा पाहून झाला की मूळ पुस्तक हाती घ्यावे. त्यात 'देवाला सारी प्रिय' नावाचे एक प्रकरण आहे. एका म्हाताऱ्या महारणीची लाकडांची मोळी खाली पडते. ती थकलेली. कोणी हात लावीना. श्यामची आई मुलाला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि पुढे सांगते, घरी आल्यावर आंघोळ कर.

त्या काळात आपल्या मुलाला असे धाडणारी बाई विरळाच. तिला वाईट म्हणण्याचे आम्हाला कारण नाही. गुरुजींची आई १९१७ साली वारली. तिने आपल्या रूढीच्या चौकटीत राहून दया दाखवली. पण ती आंघोळ आमच्या मनातून जात नाही. मोळी उचलली म्हणजे म्हातारीचे ओझे कळले. आंघोळ केली म्हणजे तिचा विटाळही मानला. दया झाली, समता झाली नाही.

आता हे पुस्तक कुठे लिहिले ते पाहा. आपल्याच नाशिकच्या तुरुंगात! बहुतेक गोष्टी गुरुजींनी ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत तिथे लिहून काढल्या. त्या वेळी तुरुंगाच्या भिंतीबाहेर काय चालले होते? काळाराम मंदिराचा सत्याग्रह! २ मार्च १९३० रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी तो वर्षानुवर्षे लढवला. पहिल्याच तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. मोळ्या वाहणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या नाशिक जिल्ह्यात डोकी झिजवली, त्याच जिल्ह्यात त्या पंचवीस जणी दरवाजासमोर हक्क मागत बसल्या होत्या.

आणि गुरुजींचे लिहून झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ फेब्रुवारी १९३३ रोजी, बाबासाहेबांनी मंदिरप्रवेश विधेयकावर आपले निवेदन काढले. अस्पृश्यता हे पाप आहे असे हे विधेयक म्हणत नाही, म्हणून आपण त्याला पाठिंबा देऊ शकत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मोळी आणि आंघोळ यांचा हिशेब त्यांनी असा एका वाक्यात मांडला. दार थोडे उघडता, पण विटाळ खोटा आहे असे म्हणत नाही. मग ते दार आमच्या काय कामाचे? पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा झाली आणि १९५६ साली आपण धम्माच्या वाटेला लागलो.

साने गुरुजींवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे. ते त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. आईने शिकवले त्याच्या पुढे मुलगा गेला. अत्र्यांचेही तसेच. 'श्यामची आई'नंतर लगेच त्यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला. ज्या जोतिबांना बाबासाहेब आपले गुरू मानत, त्यांना अत्र्यांनी पडद्यावर आणले. १९५६ साली चैत्यभूमीवर बाबासाहेबांना निरोप देताना हेच अत्रे बोलले होते.

घरादारात वाचली जाणारी कादंबरी आणि तिच्यावरचा गाजलेला सिनेमा, ही जोडी जगभर आढळते. अमेरिकेत लुईसा मे अल्कॉट यांची चार बहिणींची कादंबरी अशीच लाडकी. शांता शेळके यांनी ती 'चौघीजणी' म्हणून मराठीत आणली. हॉलीवूडने १९३३ साली आणि पुन्हा १९४९ साली तिच्यावर मोठे सिनेमे काढले. त्यातही आई मुलींना सांगते, सणाचा नाश्ता शेजारच्या उपाशी कुटुंबाला नेऊन द्या. मुली आनंदाने देतात. पण गोष्ट त्या मुलींचीच राहते, उपाशी घरातल्या मायेची होत नाही. देणाऱ्याची गोष्ट लिहिली जाते, घेणारा दारातच उभा राहतो.

आपल्याकडे मात्र दारात उभी असलेली बाई स्वतः लिहू लागली. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून 'जिणं आमुचं' लिहिले. पुस्तक १९८६ साली निघाले. त्यातही मोळी आहे, आणि ती वाहणारीच सांगते आहे! आपल्या बाया लाकडे विकायला ब्राह्मणआळीत जात. अंगणात लाकडे रचून द्यायची. वर घरातली बाई बजावणार की लाकडात तुमचा केस किंवा लुगड्याचा धागा अडकलेला राहू देऊ नका, नाहीतर आमचे घर बाटेल. डोक्यावरचे ओझे उतरले तरी विटाळाचे ओझे उतरत नव्हते. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' त्याच वर्षी पुस्तकरूपाने आले आणि त्यावर 'नाजुका' ही मालिका १९९० साली दूरदर्शनवर लागली. ही आपल्या आयांची पुस्तके. ती आपल्यापैकी किती घरांत आहेत?

तेव्हा तरुण मंडळींना आमचे उत्तर असे. 'श्यामची आई' जरूर पाहा. बाबासाहेबांनी आपल्याला पुस्तके वाचायला शिकवले, पुस्तकांना घाबरायला नाही. पण सिनेमा संपल्यावर मुलांना उठू देऊ नका. मोळीची गोष्ट मोठ्याने वाचा आणि विचारा, "आंघोळ का करायला लावली?" मुले काय सांगतात ते शांतपणे ऐका. मग 'जिणं आमुचं'मधली मोळी वाचून दाखवा. पुस्तक विकत घेणे परवडत नसेल तर दहा घरांनी वर्गणी काढून विहारात एक प्रत ठेवावी. 

आणि शेवटचे काम घरातच आहे. द्राक्षबागेत विरळणीला, डिपिंगला जाणारी आपली आई संध्याकाळी पाठ टेकते, तेव्हा तिच्याजवळ बसा. तिने लहानपणी काय वाहिले, कोणत्या विहिरीवर तिला दूर उभे केले, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, ते विचारा. शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने ते वहीत उतरवून ठेवावे. श्यामने आपली आई लिहून ठेवली म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राची झाली. आपली माय आपण लिहिली नाही, तर ती दुसऱ्याच्या पुस्तकात मोळीवाली म्हणूनच राहील.

जयभीम! नमो बुद्धाय!