शतरंज हराम आहे का, सर?

एका रविवारी सकाळी उल्हासनगर स्टेशनच्या पुलाखाली आम्ही उभे होतो. ठाण्याला स्पर्धा होती. मेगाब्लॉक असल्यामुळे लवकरची लोकल गाठायची होती. पाच मुलं जमली होती, सहावा वडिलांबरोबर आला. वडील काही त्याचा हात सोडेनात. म्हणाले, "सर, शतरंज तो हराम है ना? लोग बोलते हैं." मी घड्याळाकडे बघत म्हटलं, "संध्याकाळी बोलू." ते म्हणाले, "नहीं सर, पहले बताइए."

त्यांचं बरोबर होतं. पोराला गाडीत बसवण्याआधी बापाने विचारायलाच हवं. त्या दिवशी दोन मिनिटांत जे मला धड सांगता आलं नाही, ते आज लिहितो आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो आणि शाळा सुटल्यावर बुद्धिबळ. आलिम नाही, त्यामुळे फतवा देणं माझं काम नाही. पण वाचून आणि विचारून जे कळलं ते असं. कुरआनमध्ये शतरंजचं नाव नाही. हदीसमध्ये नर्दची, म्हणजे फाशांच्या खेळाची मनाई आहे. शतरंजबद्दलचे मतभेद फार जुने आहेत आणि दोन्ही बाजूंना थोर माणसं आहेत. हनफी मत कडक आहे, मकरूह तहरीमी, म्हणजे जवळपास मनाईच. शाफई मजहबात हा खेळ नापसंत आहे, पण तीन अटी पाळल्या तर हराम नाही: पैज लावू नये, नमाज चुकू नये, तोंडून वाईट शब्द जाऊ नये. आमच्याकडे उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं बहुतेक हनफी आणि कोकणी कुटुंबं शाफई. म्हणजे एकाच बाकावरच्या दोन मुलांना घरी दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात.

बाहेरच्या जगातही हेच झालं. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर खेळावर बंदी आली, १९८८ मध्ये खोमेनींनी जुगार नसेल तर मोकळीक दिली. सौदी अरेबियाच्या मुख्य मुफ्तींचं मनाईचं मत जानेवारी २०१६ मध्ये जगभर गाजलं. २०१७ च्या डिसेंबरात त्याच देशात, रियाधला, जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धा झाली आणि ती आपल्या विश्वनाथन आनंदने जिंकली.

जे मनापासून हनफी मत पाळतात आणि म्हणून मुलाला पाठवत नाहीत, त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो एकदा 'हराम' म्हणून मोकळे होणाऱ्यांशी. त्यांचाच मुलगा रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गेम खेळतो, पैसे लावून क्रिकेटच्या टीम बनवतो, आणि ते चालतं.

माझं म्हणणं साधं आहे. त्या तीन अटी आणि चांगल्या प्रशिक्षकाचे नियम यांत फारसा फरक नाही.

पहिली अट पैजेची. चहावर लावलेली पैजसुद्धा मी चालू देत नाही. पैज लागली की मूल चांगली चाल शोधायचं सोडून सापळे शोधतं. वजीर तिसऱ्या चालीला बाहेर काढतं, चार चालींत मात होते का बघतं, आणि समोरचा जरा जाणता असला की तोच वजीर पळवत बसतं. मी सांगतो, आधी घोडे आणि उंट बाहेर काढा, किल्लेकोट करा, राजा सुरक्षित करा, मग लढाई. प्रवेश फीच्या पैशातून बक्षीस दिलं तर तो जुगार होतो का, हा प्रश्नही पालक विचारतात. रास्त प्रश्न आहे, तो आलिमांनाच विचारावा. शाळेच्या स्पर्धेत मी फी घेत नाही, चषक कुणीतरी आपल्या खिशातून देतो.

दुसरी अट नमाजची. हे निव्वळ नियोजनाचं काम आहे. जोहर दोन फेऱ्यांच्या मध्ये होते. थंडीत मगरिब लवकर येते आणि शेवटची फेरी लांबते, तेव्हा फेरी सुरू होण्याआधीच पंचांशी बोलून ठेवायचं. घड्याळ तुमचंच चालतं, तेवढा वेळ आधी वाचवून ठेवा. चार दिवसांच्या स्पर्धेत शुक्रवार आला तर बऱ्याच ठिकाणी आधी मागून त्या फेरीची सुट्टी घेता येते, अर्धा गुणही मिळतो. आजवर मला एकाही पंचाने नमाजसाठी नाही म्हटलेलं नाही. न विचारता उठून गेलेल्या मुलाला मात्र बोलणी बसली आणि ती योग्यच होती.

तिसरी अट तोंडाची. बुद्धिबळात मोहऱ्याला हात लावला की तोच हलवावा लागतो. अंबरनाथचा एक मुलगा जिंकत आलेला डाव खेळत होता. हत्तीला बोट लावलं आणि लगेच काढलं. समोरच्याने हात वर केला. साक्षीदार कुणी नव्हता. पंचांनी विचारलं, "हात लावला होता का?" तो नाही म्हणाला असता तर डाव तसाच पुढे चालला असता. तो म्हणाला, "हो." हत्ती हलवला, हत्ती गेला, डाव गेला. परतीच्या गाडीत अंबरनाथ येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत रडत होता. मी समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचाच डाव फळ्यावर मांडला.

हरलेला डाव आधी तपासायचा, हा माझा नियम आहे. त्यासाठी चाली लिहाव्या लागतात. उर्दू माध्यमाची लहान मुलं सुरुवातीला पटाच्या पट्ट्या उजवीकडून मोजतात, सवय तशीच असते. मी त्यांना सांगतो की या पटावर माझे दोन्ही विषय आहेत: संस्कृतातलं चतुरंग फारसीत जाऊन चतरंग झालं, अरबीत शतरंज झालं, आणि वजीर, प्यादं, शह, मात हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो.

आता ज्याची मला आजही टोचणी आहे ते. काही वर्षांपूर्वी बदलापूरची एक मुलगी माझ्याकडे यायची. प्याद्यांचा शेवटचा खेळ तिच्याइतका स्वच्छ कुणी खेळत नसे. आठवीत गेली आणि वडील येऊन म्हणाले, "बस झालं सर, हे आपल्यात जायज नाही." मी मान डोलावली. पुढच्या आठवड्यापासून तिचा धाकटा भाऊ मात्र येत राहिला. दोघांचा खेळ एक, पट एक, आणि फतवा फक्त तिला. हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी बोललो नाही. भावाला शिकवत राहिलो.

आज ते वडील समोर असते तर मी त्यांना फातिमाची गोष्ट सांगितली असती. पंजाबचे जमीनदार सर उमर हयात खान यांच्या घरी चाकरीला असलेला मीर सुलतान खान तीनदा ब्रिटिश विजेता झाला, त्याने कापाब्लांकालाही हरवलं. त्याच घरची फातिमा नावाची तरुणी १९३३ मध्ये ब्रिटनची महिला विजेती झाली. १९७६ मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा आक्षेप घेतले गेले, पण स्त्रियांना अडवता येणार नाही असा निर्णय जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी दिला. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. यांतली प्रत्येक जण कुणीतरी पटावर बसू दिलं म्हणून बसली.

"खेळून मिळणार काय?" असंही विचारतात. भोपाळचे रफीक खान सुतारकाम करायचे आणि १९८० मध्ये माल्टाच्या ऑलिम्पियाडमध्ये त्यांनी आपल्या पटावर रौप्यपदक मिळवलं. आमच्या मुलांपैकी कुणी तिथवर जाईलच असं मी म्हणत नाही. चूक झाली तर ती कबूल करणं आणि घरी जाऊन ती शोधणं, एवढं शिकलं तरी माझ्या रविवारांची भरपाई झाली.

त्या दिवशीचे वडील शेवटी आमच्याबरोबरच गाडीत चढले. मोबाइल बंद करून दिवसभर हॉलबाहेर बसले, दारातून डोकावत राहिले. येताना एवढंच म्हणाले, "तीन घंटे चुप बैठा. घर में तो तीन मिनट नहीं बैठता." हराम-हलालचं त्यांनी आपल्या मौलानांना विचारलं असेल, मी चौकशी केली नाही. पुढच्या रविवारी मुलगा पुलाखाली हजर होता.

आता मी प्रत्येक पालकाला एकदा तरी स्पर्धेला घेऊन जातो. निर्णय त्यांचा. विनंती एकच असते, आणि ती मी फार उशिरा करायला लागलो: जे उत्तर मुलासाठी द्याल, तेच मुलीसाठीही द्या.